तळघरातल्या धिंगरीला वारा

कुठलंही काम संपलं की आमच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचे तुकडे उरतात. ते भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र तो नेत नाही, म्हणून ते साठत राहतात. दुसऱ्या धंद्यात इतके साठत असतील असं मला वाटत नाही. गवंड्याची भिंत दिसते, सुताराचं दार दिसतं. माझा धंदा हवेचा! हवा दिसत नाही, त्यामुळं तिच्याबद्दल कुणीही काहीही बोलू शकतं, आणि बोलतंच.

मी डक्टिंग करतो. म्हणजे पत्र्याचे चौकोनी नळ करून खोलीत चांगली हवा आणायची आणि खराब हवा बाहेर काढायची. बरीच वर्षं पुण्यात एसीच्या कामांवर होतो, आता कोरेगावला स्वतःचं वर्कशॉप आहे. हॉटेलची किचनं केली, मंगल कार्यालयं केली, एका डॉक्टरांचं ऑपरेशन थिएटरसुद्धा केलं. पण चार मित्र चहाला बसले की फर्माईश एकच, "ते आण्णांच्या तळघराचं सांग की लेका!" तेव्हा आता एकदाच सगळं सांगतो.

*

आण्णा म्हणजे माझ्या शाळेतल्या दोस्ताचे, प्रकाशचे वडील. प्रकाश मिलिटरीत हवालदार आहे. त्यानं गावात नवीन घर बांधायला काढलं तेव्हा आण्णांनी हट्ट धरला, खाली पार्किंग पाहिजे. पुण्यात कुठंतरी बघून आले होते. अख्ख्या गावात कुणाच्या घराला तळघर नव्हतं, आण्णांना एवढं कारण पुरलं.

तळघर झालं, वर स्लॅब पडला, आणि मग लक्षात आलं की गाडी खाली उतरवायची तर शेजाऱ्याच्या परड्यातनं वळवायला लागतीय. आण्णा शेजाऱ्याकडं गेले. शेजारी म्हणाला, "वळवा की आण्णा. फकस्त चाकं जमिनीला लावू नका!"

झालं. उतार रद्द करून जिना केला, गाडी बाहेर लिंबाखाली, आणि खाली एवढं मोठं तळघर मोकळं.

मग पुढं आल्या शैलावहिनी. प्रकाशची बायको. माहेर पलूसकडचं, मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या. लग्नाआधी लॅबमध्ये नोकरी करायच्या, इकडं आल्यावर ती सुटली. त्यांनी धिंगरी अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं ट्रेनिंग घेतलं आणि सासऱ्यांकडं तळघर मागितलं. तेवढ्यात कोरेगावच्या एका पेंडवाल्या शेठनंही गोडाऊनसाठी तेच मागितलं होतं.

आण्णांनी ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर निकाल दिला. "श्रावण संपायच्या आत तुझी छत्री उगवली, तर तळघर तुझं. न्हाई उगवली, तर आमुश्येला शेठची पोती आत. शब्द म्हंजे शब्द!"

श्रावणच का? तर तेव्हा मटण बंद असतं. आण्णांचा हिशोब सरळ होता, श्रावणात जी खपत नाही ती कुत्र्याची छत्री एरवी कोण खाणार!

वहिनींनी मला बोलावून घेतलं. जिन्यातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, या घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं, देवघर सासूबाईंचं, रान आण्णांचं. हे रजेवर आले की टीव्हीसुद्धा ह्यांचा. ही खोली गेली तर माझं असं इथं काहीच नाही. हवेचं तेवढं तुम्ही बघा, बाकीचं मी बघते."

हॉटेलवाल्याचा धूर नाही निघाला तर तो चार शिव्या देतो आणि विषय संपतो. इथं माझा पंखा चुकला तर एका बाईची खोली जाणार होती.

*

पहिल्या दिवशी मी फरशीवर खडूनं सगळं आखलं. मध्ये पार्टिशन. अलीकडं अंधारी खोली, तिथं काड आणि बी भरलेल्या पिशव्या गप पडून राहणार. पलीकडं हवेशीर खोली, तिथं त्यांना फुटवा येणार. ताजी हवा वरनं जाळीतनं आत, वापरलेली हवा खालनं ओढून डक्टनं बाहेर. जिन्याच्या पायथ्याशी एकामागं एक दोन दारं, म्हणजे माशी आत जायला नको.

आण्णा काठी टेकून सगळं बघत होते. म्हणाले, "ए पत्रेवाल्या, ही उकिरड्यावर उगवती. तिला येवडा थाट?"

मी समजावलं, "आण्णा, ती आपल्यासारखाच श्वास घेते. आपल्यासारखीच खराब हवा सोडते. कोंडली की बिघडते."

आण्णा म्हणाले, "आमच्या लहानपणी आमी धा जण एका खोलीत झोपायचो. आमी कुठं बिघाडलो?"

दत्तू मिस्त्री विटा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ते गावाला इचारा!"

*

आता दत्तू मिस्त्रीचंच सांगतो. कामाला वाघ, पण भिंतीला भोक दिसलं की त्याच्या जिवाची घालमेल होते. वापरलेली हवा बाहेर जायला छताखालच्या विटांमध्ये मी डक्टसाठी एक भोक ठेवायला लावलं होतं. लोणंदला दुसरं काम होतं, तिकडं गेलो. परत येऊन बघतो तर भोक गायब!

"मिस्त्री, भोक कुठाय?"

"कसलं भोक?"

"अरे डक्टचं! खडूनं चौकोन आखून दिलेलं!"

"ते व्हय? ते बुजवलं. उंदरं येत्यात. बाहीरनं बुजवलं, आतनं बुजवलं, वरनं पुट्टी मारली. हात फिरवून बघा, कळतंय का!"

हात फिरवला. खरंच कळत नव्हतं! मी डोकं धरून खाली बसलो. म्हटलं, उघड बाबा ते आता. मिस्त्रीनं छन्नी घेतली आणि भिंतीसमोर उभा राहिला. इकडं ठोकून बघतोय, तिकडं ठोकून बघतोय. मग एके ठिकाणी फोडलं, तिथं अख्खी वीट. दुसरीकडं फोडलं, तिथंही वीट. तिसऱ्या फोडीला कुठं भोक लागलं, तोवर भिंतीची चाळण झाली होती.

मिस्त्री घाम पुसत खाली उतरला. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, "आयुष्यात येवडं सफाईदार काम पयल्यांदा झालं हुतं बगा. आन् तेच फोडाय लावलं तुमी!"

*

प्रकाशची पोस्टिंग तेव्हा उंचावर, बर्फात. नेटवर्क मिळालं की व्हिडिओ कॉल करायचा. वहिनी फोन घेऊन तळघरभर फिरायच्या आणि हा तिकडनं ऑर्डर सोडायचा. "डावीकडं घे. वर दाखव. थांब, तो कोपरा पुन्हा दाखव!" मिलिटरीतल्या माणसाला खोली दाखवली की त्याला बंकरच दिसतो.

एकदा मला म्हणाला, "गड्या, हवेची नळी सरळ आत घ्यायची नाही. झिगझॅग घे. दोन वळणं पाहिजेत."

मी म्हटलं, "प्रत्येक वळणाला हवेचा जोर कमी होतो रं. सरळच बरी."

"आमच्या इथं सगळ्या झिगझॅग हायत. सरळ ठेवली तर फायर डायरेक्ट आत येतो."

मला हसू आवरेना. "हवालदारसाहेब, धिंगरीवर फायर कोण करणार आहे?"

त्यानं फोन तोंडाजवळ घेतला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "आण्णा!"

वळण दिलं. एकच दिलं.

*

सगळं बसलं. पंखा बसला, डक्ट बसला. बापू वायरमननं पॅनल लावलं. हा बापू बोलतो कमी, पण स्वतःच्या वायरिंगबद्दल कुणी शंका काढली की दोन दिवस जेवत नाही. खोलीत ओलावा मोजायला एक सेन्सर लावला होता. डबीएवढा, पुढं बारीक जाळी. ओलावा कमी झाला की त्यानं मशीनला सांगायचं आणि मशीननं बारीक तुषार सोडायचे. एवढं साधं.

ट्रायल घेतली, झकास! दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू केलं, तर तुषार नाहीत. सेन्सर म्हणतोय खोली ओलीचिंब. आणि इकडं आमची तोंडं कोरडी पडलेली!

बापूनं वायरी सोडल्या, जोडल्या. पुन्हा सोडल्या, पुन्हा जोडल्या. पॅनल उतरवलं. मला म्हणाला, "तुझा सेन्सरच डुप्लिकेट." मी म्हटलं, "तुझं वायरिंग डुप्लिकेट." झालं, जेवण बंद! वहिनी बिचाऱ्या एकदा त्याच्याकडं बघतायत, एकदा माझ्याकडं. आषाढ सरत आला होता आणि आम्ही दोघं भांडत होतो.

शेवटी मी टॉर्च लावून सेन्सर जवळनं बघितला. जाळी लालभडक!

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी काकूंनी, म्हणजे प्रकाशच्या आईनं, खाली येऊन खोलीची पूजा केली होती. नवीन यंत्र आलं की पूजा होणारच, त्यात काही चूक नाही. पंख्याला हळदकुंकू, पॅनलला हळदकुंकू, तुषाराच्या मशीनला हळदकुंकू. मग ही भिंतीवरची पांढरी डबी एकटीच का उपाशी ठेवायची? तिलाही लावलं. कुंकू कोरडं उडून जातं म्हणून तेलात कालवलेलं. बोटभर, अगदी मनापासून, बरोबर जाळीवर!

मी नवीन सेन्सर आणायच्या गाडीभाड्यासकट सगळा राग गिळून म्हटलं, "काकू, आवं त्याचं नाकच बुजलं की! त्याला आता काही कळत नाही."

काकूंना वाईट वाटायच्या ऐवजी रागच आला. म्हणाल्या, "मग पुसायचं कुणी? देवाला कुंकू लावतो, तर रोज सकाळी आंघोळबी घालतो की आमी! तुमी तुमच्या यंत्राला एकदा तरी घातली का?"

बापू तेव्हापासून दर आठवड्याला सेन्सर मऊ फडक्यानं पुसतो. काकूंनी विचारलं तर सांगता यावं म्हणून!

*

धिंगरी गव्हाच्या काडावर येते. काड भिजवायचं, गरम पाण्यात उकळायचं, निथळायचं, मग पिशवीत काडाचा थर, बियाचा थर, काडाचा थर. उकळायला परसात मोठा ड्रम मांडला होता. वाफ खाली साठू नये म्हणून मीच सांगितलेलं, उकळायचं काम उघड्यावर.

परसाच्या कडेलाच गोठा. उकडलेल्या काडाचा वास म्हणजे आपल्याला हुरड्याचा वास यावा तसा. आण्णांची म्हैस दिवसभर तोंड वर करून हुंगत होती. वहिनी पिशव्या आणायला आत गेल्या आणि म्हशीनं दावं तोडलं! परत येईपर्यंत एक पिशवीभर काड खाऊन शांतपणे रवंथ करत उभी.

तेवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती कडब्याला तोंड लावेना. कुट्टी करून टाकली, ढुंकून बघेना. काकूंनी पेंड टाकली, ती खाल्ली आणि पुन्हा ड्रमकडं बघत बसली.

आण्णा वैतागून ओरडले, "सूनबाई! तुझ्या छत्रीपायी माझी म्हस शेफारली!"

वहिनी निथळत्या काडावरनं मान न उचलता म्हणाल्या, "आण्णा, तिला पण आत्तापर्यंत कुणी गरम वाढलं नव्हतं."

काकू स्वयंपाकघरात मोठ्यानं हसल्या. त्या घरात सासू सुनेच्या बाजूनं हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

*

आता पत्त्यांचं.

पिशव्या अंधाऱ्या खोलीत पांढऱ्याशुभ्र झाल्या. म्हणजे बी सगळीकडं पसरलं. वहिनींनी त्या हवेशीर खोलीत टांगल्या, चिरा दिल्या. श्रावण लागला होता. बारीक बारीक कोंब आले. वहिनींचा फोन आला तर आवाजातनंच कळत होतं हसतायत ते.

आणि मग दोन-तीन दिवसांत पुन्हा फोन. या वेळी आवाज बसलेला. "दादा, या. काहीतरी चुकलंय."

गेलो. बघतो तर काय, पिशव्या-पिशव्यांतनं लांबच लांब देठ आलेले आणि वर टोपी म्हणजे नुसतं टिकलीएवढं टोक! धिंगरी अशी वाढली की त्याचा अर्थ एकच. तिला हवा कमी पडतीय. वर कुठंतरी हवा असेल म्हणून ती मान लांब करत सुटते. म्हणजे दोष वहिनींचा नाही. दोष हवेचा. म्हणजे माझा!

मी पंखा तपासला, चालू. डक्टच्या तोंडाशी उदबत्ती धरली, धूर सुतासारखा सरळ आत ओढला जातोय. फिल्टर स्वच्छ. पुन्हा गणित केलं, खोली केवढी, पंखा केवढा. सगळं बरोबर. आणि समोर तसेच ते लांब देठ.

आण्णा खाली आले. एक घोस हातात घेऊन उलटासुलटा बघितला. म्हणाले, "उगवलं खरं. पन ह्यात छत्री कुठाय? ही तर नुसती काठी हाय. शब्द छत्रीचा हुता, काठीचा न्हाई." आणि गेले वर!

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. रडायचं नाही म्हणून त्या पिशव्या मोजल्यासारखं करत होत्या. मला स्वतःचा असा संताप आला की तो पंखा उपटून विहिरीत टाकावा.

म्हटलं, दुपारभर इथंच बसतो, बघतो काय होतंय ते. बसायला पोतं ओढलं, तर रॅकच्या मागं काहीतरी पडलेलं दिसलं. उचललं. किलवरचा गुलाम!

अळिंबीच्या खोलीत किलवरचा गुलाम काय करतोय? मी तो खिशात घातला, खोलीतला दिवा घालवला आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन पार्टिशनच्या फटीतनं बघत उभा राहिलो.

जेवणं झाल्यावर दार वाजलं. पुढं आण्णा, मागं त्यांचे मेंढीकोटचे तीन गडी. गावात पत्ते चालतात ते देवळाच्या सभामंडपात. पण श्रावणात तिथं ग्रंथाचं पारायण बसतं, म्हणून ही मंडळी बेघर. बाहेर पावसाची झिमझिम, घरात बायका, गोठ्यात डास. तळघर कसं, कोरडं आणि निवांत! वहिनी त्या वेळी वर जरा आडव्या होतात, हे आण्णांना माहीत.

चौघांनी सतरंजी टाकली. एक जण म्हणाला, "आण्णा, त्यो पंखा लय घुमतोय. बोलल्यालं ऐकू येत न्हाई."

आण्णांनी हात लांब केला आणि माझा पंखा बंद!

चार म्हातारे, त्यातल्या एकाला जुनाट खोकला, पंखा बंद, दोन्ही दारं बंद. उन्हं कलेपर्यंत श्वास सोडत बसायचे आणि जाताना आठवणीनं पंखा पुन्हा चालू करून जायचे. कारण सुनेचं नुकसान व्हायला नको!

ते गेल्यावर मी बाहेर आलो. वर जाऊन वहिनींच्या हातात तो गुलाम दिला आणि बघितलं ते सांगितलं. त्यांनी एकदा डोळे मिटले. मला वाटलं आता भडका उडणार. पण त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला मलाही थांबवलं होतं. काकूंनी आण्णांचं ताट वाढलं. वहिनींनी ताटाशेजारी दोन वस्तू ठेवल्या. एक लांब देठांचा घोस आणि एक किलवरचा गुलाम. म्हणाल्या, "आण्णा, तुमचं हे पान खाली राहिलं होतं. चार माणसांचा श्वास कोंडला की छत्रीची काठी होते."

आण्णांनी पानाकडं बघितलं. काठीकडं बघितलं. काकूंकडं बघितलं, तर काकू भाकरीकडं बघत होत्या. मग त्यांनी मुकाट्यानं जेवण केलं, हात धुतला आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. श्रावण काय माज्यासाठी थांबत न्हाई."

मला तर ताट भिरकावावंसं वाटलं! चूक स्वतःची आणि तोरा हा!

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी फिल्टर बदलायला गेलो होतो, तेव्हा पत्त्यांची मंडळी आली. आण्णा ओट्यावर काठी आडवी धरून बसलेले.

"खाली जायचं न्हाई," आण्णा म्हणाले.

"का वं?"

"खाली श्वास घ्याय बंदी हाय."

खोकलेवाला म्हातारा म्हणाला, "आवं, मग डाव कसा खेळायचा?"

"दम धरून खेळत असशीला तर जावा!"

*

वहिनींनी सगळे देठ काढून टाकले, पिशव्या साफ केल्या, पुन्हा पाणी मारायला सुरुवात केली. धिंगरीचं एक बरं असतं, त्याच पिशवीला पुन्हा फुटवा येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि श्रावण भरभर चालला होता. मी एक दिवसाआड फेरी मारत होतो. पंखा अखंड चालू. आण्णा तळघराकडं फिरकत नव्हते. निदान कुणी त्यांना उतरताना बघितलं नव्हतं.

अमावस्या आली. सकाळी मी आणि बापू तिथंच होतो. कोंब आले होते, चांगले आले होते, देठ आखूड, टोप्या गोल. पण शर्टाच्या बटणाएवढ्या! आणखी दोन दिवस मिळाले असते तर तळहाताएवढ्या झाल्या असत्या. वहिनी रॅकसमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, बटणाला कुणी छत्री म्हणेल का हो?" बापूनं उगाच सेन्सर पुसला.

एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पेंडवाले शेठ! सोबत दोन हमाल, मागं पोत्यांची थप्पी. आम्ही तिघं जिन्यानं वर आलो. वहिनी दारातच थांबल्या, हातात पाणी मारायचा पंप तसाच.

आण्णा ओट्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्याला टोपी. एक्झॉस्टचं, म्हणजे तळघरातली हवा बाहेर टाकणाऱ्या डक्टचं, जाळी लावलेलं तोंड त्या पायरीलगतच काढलं होतं, कारण दुसऱ्या बाजूला शेजारी होता.

"राम राम आण्णा! आज आमुश्या. तुमचा शब्द हुता, म्हणून पोती घिऊनच आलो," शेठ म्हणाले.

"कशाचा शब्द?"

"तळघराचा."

"तळघर?" आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुणाचं तळघर?"

"आवं, तुमचंच की!"

"आमच्या घराला तळघर न्हाई."

हमाल एकमेकांकडं बघायला लागले. बापूच्या तोंडातनं कसलासा आवाज आला, तो त्यानं खोकल्यावर नेला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

शेठ म्हणाले, "आण्णा, चेष्टा करू नका. तुमीच मला जिन्यानं खाली न्हिऊन दावलं हुतं!"

"मी न्हाई. दुसरं कोण आसंल."

खाली माझा पंखा घुमत होता. जाळीतनं अशी हवा येत होती की आण्णांच्या धोतराचा सोगा गुडघ्याच्या वर फडफडत होता. शेठनं आधी धोतराकडं बघितलं, मग वाकून जाळीकडं बघितलं, मग जाळीपुढं हात धरला.

"मग ही हवा कुठनं येतीय?"

आण्णांनी एका हातानं सोगा दाबून धरला आणि आभाळाकडं बघत म्हणाले, "पावसाळ्याचं दिस हायती. वारं सुटतंच की!"